ओली जागा

आमचा कॉम्प्युटर नागपूरहून सुटे भाग आणून जोडून घेतलेला होता. त्या वर्षी ब्रह्मपुरीत फार थोड्या घरांत तो असेल. माझा नवरा प्रणित गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, सुटीला घरी येई. मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. एम.फिल.चा प्रबंध घरीच टाइप करता यावा म्हणून हा खर्च केला होता.

घर गावाच्या टोकाला, बोडीच्या पाळीला लागून. बोडी म्हणजे आमच्या भागातला धानाच्या पाण्यासाठी बांधलेला लहान तलाव. पाळीवर ढिवरांची काही घरं होती. त्यांतल्या नीलाबाई बोडीत जाळं टाकायच्या, मासळी बाजारात न्यायच्या आणि अडल्यानडल्याला बाळंतपणंही करायच्या. पायल, माझी मुलगी, याच घरात त्यांच्या हातून झाली. तेव्हा वैनगंगेला पूर होता आणि जीप निघू शकली नव्हती. आता पायल पहिलीत होती.

फेब्रुवारीत कॉम्प्युटर अडकायला लागला. आधी अधूनमधून, मग रोज. टाइप करता करता पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा. तीन कळा एकत्र दाबून पाहिल्या तरी काही व्हायचं नाही. कधी अख्खा पडदा निळा व्हायचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत कुठल्याशा चुकीचा क्रमांक यायचा. बंद करून पुन्हा सुरू केला की शेवटचं पान गेलेलं असायचं.

अशा गोष्टींची मला चीड येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं, हे मी मुलांना शिकवते. मी डबा उघडून सायकलच्या पंपाने धूळ उडवली. मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड पायलच्या खोडरबराने घासली. पंखा बदलला. विंडोज पुसून पुन्हा घातलं. काही फरक पडला नाही. शेवटी तो रिक्षात घालून धनराजच्या दुकानात नेला. धनराज कॉम्प्युटरचे क्लास घेत असे आणि दुरुस्तीही करत असे. त्याच्याकडे तो आठवडाभर एकदाही अडकला नाही. घरी आणल्यावर तासाभरात निळा पडदा.

दुसऱ्यांदा नेला तेव्हा धनराज हसला. "मॅडम, तुमचं मशीन माहेरी आलं की खुशाल राह्यते, अन् सासरी गेलं की बिमार पडते. सासूच खराब दिसते."

म्हणजे दोष यंत्रात नव्हता, घरात होता.

दोष कुठे आहे ते पायलने सांगितलं. अनवाणी येऊन तिने डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आई, कॉम्प्युटर चावते."

मी टेस्टर लावला. दिवा मंद पेटला. भिंतीतला सॉकेट खोलला, तर तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. घराला अर्थिंग नव्हतं. डब्यावर साचणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट नव्हती. कारण इतकं साधं निघाल्याचं मला समाधान वाटलं.

मुखरू वायरमनला बोलावलं. तांब्याची प्लेट, लाकडी कोळसा, खडे मीठ, आणि खड्डा कायम ओला राहावा म्हणून वर पाणी टाकायला पाइप. प्लेटभोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि रोज पाणी घालायचं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे कॉम्प्युटर आहे का बाळंतीण, मॅडम? इतकी सेवा माह्या बायकोची नाई झाली."

"तुमच्या बायकोला विचारते," मी म्हटलं.

"नोका विचारू. थे लंबी यादी सांगन."

जागा मी निवडली. मागच्या अंगणात, पाळीच्या बाजूला, घोंगडीएवढा एक तुकडा होता. तिथली हरळी उन्हाळ्यातही हिरवी असे. न्हाणीचं पाणी तिकडे जात नव्हतं, उतार उलट्या बाजूला होता. बोडीचा पाझर असेल असं मी धरलं होतं. ओल जितकी टिकेल तितका जमिनीचा रोध कमी. अर्थिंगला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

मोहफुलांचे दिवस होते. गावभर तो गोड, जड वास भरलेला. मुखरू गुडघ्यापर्यंत उतरला तेव्हा सब्बल कशावर तरी आपटली. मडक्याची खापरं निघाली, मग एक मातीचं झाकण. खाली काळी, चिकट माती होती. मुखरूने ती हाताने उपसायला घेतली आणि हात बाहेर काढला.

"गरम आहे, मॅडम."

मी वाकून बोटं लावली. होती. तापाने फणफणलेल्या कपाळाइतकी नव्हे. निरोगी अंगाइतकी.

"जुना शेणखताचा खड्डा असेल," मी म्हटलं. "कुजताना उष्णता निघते."

त्याने खापरं पाळीपलीकडे भिरकावली. त्यातलं एक पाण्यात पडल्याचा आवाज आला. प्लेट खाली गेली, थर बसले, वायर भिंतीतून आत आली. मीठ टाकायला पायलही मूठमूठ घेऊन उभी होती.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर बरा झाला. टेस्टर पेटेना, निळा पडदा दिसेना. खड्ड्याला पाणी द्यायचं काम पायलने मागून घेतलं. शाळेतून आली की गडवा भरून पाइपात ओतायची आणि कान लावून बसायची.

"काय ऐकतेस?"

"पिते ना थे. घट, घट, घट."

पाइपातली हवा बाहेर येताना तसा आवाज होतो.

मग कॉम्प्युटर पुन्हा अडकू लागला, पण वेगळ्या तऱ्हेने. बाण थिजायचा, जरा वेळ तसाच राहायचा आणि आपोआप सुटायचा. काही पुसलं जात नव्हतं, काही बिघडत नव्हतं. कोणीतरी हात धरून ठेवावा आणि सोडावा, तसं. धनराजला विचारलं, तो म्हणाला असं कधी पाहिलं नाही.

एका सुटीच्या दुपारी मी टाइप करत होते. बाण थिजला. मी हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागले. खोलीत पंख्याचा आवाज होता. मग माझ्या मागे जोरात "हुश्श" झालं आणि बाण सुटला.

मी वळून पाहिलं. पायल पाटावर बसली होती, गाल लाल झालेले.

"काय करतेस गं?"

"बोडीत थे पाळीवरची आचल सगळ्यायपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली राह्यते. मी पण शिकून राह्यली." तिने गाल फुगवले, नाक चिमटीत धरलं.

मी पडद्याकडे पाहिलं. माउस फिरवला. बाण जागचा हलला नाही.

"सोड," मी म्हटलं.

ती हसत श्वास सोडून मोकळी झाली. बाण पळाला.

मी तिला अंगणात पाठवलं आणि म्हटलं, तिथे कर, मला सांगू नकोस कधी ते. मी दाराकडे पाठ करून माउस फिरवत राहिले. बाण थिजला की मी हाक मारायची, "आता?" आणि बाहेरून उत्तर यायचं नाही, कारण तोंड मिटलेलं असायचं. मग बाण सुटायचा आणि त्याबरोबर आवाज यायचा, "हो!" तिला खेळ फार आवडला. तिला पुन्हा करायचा होता. मला नको होता.

कॉलेजमधून मी काट्याचा मल्टिमीटर आणला. कॉम्प्युटर बंद केला, घराचा मेन स्विच पाडला, अर्थिंगची वायर सॉकेटमधून सोडवली. मीटरचं एक टोक त्या वायरीला आणि दुसरं अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात ठोकलेल्या लोखंडी खिळ्याला. काटा थोडा चढेल हे मला माहीत होतं. तांबं, लोखंड, मीठ, पाणी. हा विजेचा घटच झाला. तो चढून स्थिर राहायला हवा होता.

काटा चढला आणि उतरला. पुन्हा चढला, उतरला. सावकाश.

पायल आतल्या खोलीत झोपली होती. मी मीटर लांब वायरीनिशी दारापर्यंत नेला आणि उंबऱ्यावर बसले. तिच्या फ्रॉकवर छातीशी एक निळं फूल होतं. फूल वर गेलं की काटा चढत होता. फूल खाली आलं की उतरत होता.

मी प्रणितला फोन केला. तो म्हणाला, "मंजू, तू झोपत नाहीस नीट." मग म्हणाला, "जूनपासून क्वार्टर मिळतंय. इकडेच या दोघी. प्रबंध इथेही होईल."

मलाही तेच हवं होतं. लांब गेल्यावर काय होतं ते पाहावं म्हणून मे महिन्यात पायलला घेऊन मी चंद्रपूरला माझ्या आईकडे गेले. नीलाबाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गोंडपिपरीला होत्या. मुखरू खड्डा खोदून गेला त्याच्या आधीपासूनच. त्यामुळे खड्ड्याला पाणी घालायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवस पायल छान होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगत-पंगत सोडून माझ्याजवळ आली आणि मांडीवर डोकं ठेवून पडली. तिचा श्वास काडीने सरबत ओढल्यासारखा वाजत होता. ओठांची सालं निघालेली. ती पाणी मागायची, प्यायची आणि पुन्हा मागायची.

डॉक्टरांनी छाती तपासली. "दमा असू शकतो. इथली हवा, कोळशाची धूळ. गावाकडे बरी राहते ना?"

"हो."

"मग गावाकडे न्या."

बसमध्ये खिडकीशी ती बसली होती, तोंड उघडं. नागभीड आलं तेव्हा ती बोलेनाशी झाली. फाटकातून आत येताच तिला ओट्यावर बसवलं आणि मी मागे धावले. हिरवी हरळी पिवळी पडली होती. पाइपाभोवतीची जमीन तडकली होती. मी बादली उचलून ओतली. दुसरी भरून ओतली.

पुढच्या अंगणातून मला तिचा लांब श्वास ऐकू आला. पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा.

नीलाबाई त्याच आठवड्यात परतल्या. कुंपणापलीकडून सुकट वाळवता वाळवता त्यांची नजर पाइपावर गेली.

"हे काय होय, मॅडम?"

"अर्थिंग. कॉम्प्युटरसाठी."

त्या कुंपणाच्या फटीतून अलीकडे आल्या. हाताला मासळीचा वास, पदर खोचलेला.

"तुमाले हेच जागा भेटली?"

"ओली होती म्हणून."

"ओली राहनच ना!" त्या चिडून म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पोरीची वार, नाळेसकट, मी इथीच पुरली होती. तुमी बेसुद होत्या, तुमाले काय माहीत. रोज तुमच्या न्हाणाचं पाणी मी इथीच टाकत होती."

"त्याला सहा वर्षं झाली, नीलाबाई. कधीच माती झाली असेल."

"मडक्यात ठेवून, झाकण लावून पुरली होती मी. मडकं कुठी आहे?"

मी पाळीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"फुटलं?"

"हो."

नीलाबाई खाली बसल्या. त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला, आणि मुखरूने उचलला होता तसाच उचलला. त्यानंतर त्या पाइपाकडे पाहून बोलल्या, माझ्याकडे नाही.

"इतकी बाळंतपणं केली, पण माह्या हातचं कोणाचं उघडं नाई पडलं."

"उघडं पडलं तर काय होतं?"

"मले काय माहीत, बाई? पडलंच नाई ना कधी." त्यांनी गडवा उचलला आणि पाणी ओतलं. "बोडीच्या पाळीवर लई आहेत असे. माह्याच हातचे किती. काही पोरं जगली, काही नाई जगली. सगळ्यायचं इथीच, या मातीत." त्या उठल्या. "आता हे सुकू नोका देजा."

मी आठ दिवस विचार केला. जून जवळ येत होता. आम्ही गेल्यावर इथे पाणी कोण घालणार? नीलाबाई घालतील, पण त्या म्हाताऱ्या. नंतर कोण? माझ्या मुलीचा श्वास एका पाइपावर सोडून मला जाता येणार नव्हतं. शेवटी मी ठरवलं, तांब्याची प्लेट काढायची. मीठ-कोळसा उपसायचा, नवं मडकं ठेवायचं, झाकण लावायचं, माती ओढायची. जिथे होतं तिथे, होतं तसं.

मुखरू सकाळीच आला. नीलाबाईंनी कुंभाराकडून मडकं आणून भिजायला पाणी भरून ठेवलं होतं. पायलला आचलच्या घरी पाठवलं होतं.

वरचे थर सुटे झाले. मिठाचे खडे जसेच्या तसे होते, विरघळले नव्हते. कोळसा ओला. मुखरूने प्लेटच्या पट्टीला दोर बांधून ओढला.

"निंगत नाई, मॅडम. मुळं दिसून राह्यली."

मी खाली वाकले. प्लेटला बारीक, फिकट तंतू चिकटले होते, हरळीच्या मुळांसारखे. हरळीची मुळं पांढरी असतात. ही गुलाबी होती.

"हळू ओढा," मी म्हटलं.

मुखरूने पाय रोवले. काहीतरी सुटल्याचा ओला आवाज झाला.

कुंपणापलीकडून आचल ओरडली. "काकू! पायल पाहा कशी करून राह्यली!"

पायल कुंपणाच्या फटीत उभी होती. दोन्ही हात गळ्याशी. तोंड पूर्ण उघडं, आणि आवाज नाही.

"सोड!" नीलाबाई किंचाळल्या. "सोड थे दोर, मुखरू!"

त्याने दोर सोडला. प्लेट परत बसली.

नीलाबाईंनी मडक्यातलंच पाणी ओतलं. सगळं.

पायलच्या तोंडातून आवाज फुटला. आधी खोकला, मग रडणं. रडणं ऐकून मी त्या मिठातच बसले.

मुखरूने खड्डा पुन्हा भरला. तो एकही विनोद न करता गेला, आणि नंतर कधी आमच्या गल्लीत आला नाही.

मी प्रणितला कळवलं, क्वार्टर नको. त्याला कारण दिलं ते दम्याचं. तो रागावला, मग येऊन पायलला पाहून गेला. ती त्याच्या खांद्यावर बसून बोडीभोवती फिरून आली. "ही तर ठणठणीत आहे," तो म्हणाला. होती.

कॉम्प्युटर आता अजिबात अडकत नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी सलग टाइप केलं. पायल पाटावर बसून गाल फुगवते, तरी बाण पळत राहतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हायसं वाटलं. सुटलं, असं वाटलं.

मीटर मी कॉलेजला परत दिला नव्हता. दुपारी ती झोपली की उंबऱ्यावर बसून पाहायची सवय लागली होती. काटा आणि फूल, फूल आणि काटा. बरेच दिवस पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आधी फूल वर जायचं आणि काटा त्याबरोबर चढायचा.

आता काटा आधी चढत होता.

काल संध्याकाळी पाळीवर मुलांची शर्यत होती. मी खिडकीत होते, मीटर खिडकीच्या फळीवर. मुलं पाळीला फेरी मारून आमच्या अंगणात येऊन थांबली. आचल गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. बाकीचीही. पायल पहिली आली होती. ती मधोमध ताठ उभी होती, घामाने निथळत, तोंड मिटून. तिची छाती हलत नव्हती.

"पायल," मी म्हटलं. "श्वास घे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने थांब अशी खूण केली. नळावर रांगेत उभी असल्यासारखी.

फळीवरचा काटा चढला आणि उतरला. पायल हलली नाही.

काटा पुन्हा चढला. तेव्हा तिने श्वास घेतला, शांतपणे, झोपेतल्यासारखा.

"पहिला माझा नव्हता, आई," ती म्हणाली.